वेलवर्गीय औषधींची रोपे : छायेतील संगोपन आणि पुनर्लागवड

प्रास्ताविक

चिकित्सेच्या चार पादांमध्ये भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी यांचा समावेश होतो. यांपैकी द्रव्य या पादाचे चार गुण चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात सांगितले आहेत : द्रव्य विपुल असावे, योजनेस योग्य असावे, त्याच्या अनेक कल्पना करता याव्यात आणि ते आपल्या गुणसंपदेने परिपूर्ण असावे. आज व्यवसाय करणाऱ्या वैद्याने हे चार गुण स्वतःच्या औषधांना लावून पाहिले तर दुसरा व तिसरा गुण त्याच्या कौशल्यावर अवलंबून आहे असे दिसेल. पहिला आणि चौथा मात्र बहुतांशी बाजाराच्या हाती गेला आहे. पिशवीतून आलेले वाळके खोड कोणत्या वेलीचे, कोणत्या भूमीतले, कोणत्या ऋतूत काढलेले, हे विकणाऱ्यास सांगता येत नाही आणि घेणाऱ्यासही बहुधा पडताळता येत नाही.

ही अडचण वेलवर्गीय द्रव्यांच्या बाबतीत अधिक तीव्र आहे. सुश्रुताचार्यांनी ज्यांना वल्लीपंचमूल या गणात स्थान दिले त्या विदारी, सारिवा, गुडूची, अजशृंगी यांसारख्या द्रव्यांपासून शतावरी, ज्योतिष्मती, कपिकच्छू, विडंग यांपर्यंत नित्य वापरातील कितीतरी औषधी वेलरूप आहेत. त्यांतील बऱ्याचशा आजही रानातूनच येतात. म्हणून वैद्याने आपल्या गरजेच्या निदान दोन-तीन वेली स्वतः बियांपासून वाढवाव्यात, असे आम्हांस वाटते. हे काम अवघड नाही. परंतु त्यातील एक टप्पा नाजूक आहे. घराच्या छायेत उत्तम वाढलेली रोपे उघड्यावर नेताच आठवड्याभरात माना टाकतात आणि पुष्कळ जण तेथेच हा उद्योग सोडून देतात. प्रस्तुत लेखात बियांच्या निवडीपासून पुनर्लागवडीपर्यंतचा क्रम दिला असून त्या नाजूक टप्प्याचे विवेचन विशेष विस्ताराने केले आहे.

ओळखीचा प्रश्न

कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे होऊ लागले. २०२१ मध्ये मुंबईतील सहा रुग्णांची माहिती वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याचे त्या लेखकांचे म्हणणे होते. पुढे अन्य केंद्रांतूनही अशा नोंदी आल्या आणि त्यांतील अनेक रुग्णांमध्ये आधीपासून स्वयंप्रतिकारजन्य यकृतविकाराची लक्षणे असल्याचे नमूद झाले. आयुष मंत्रालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये गुडूची सुरक्षित असल्याचे पुन्हा स्पष्ट केले. त्याच वेळी टिनोस्पोरा क्रिस्पा ही तिच्यासारखी दिसणारी वेल अपायकारक ठरू शकते, तेव्हा चिकित्सेत टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया हीच जाती वापरावी, अशी सूचनाही दिली. सर्व प्रकरणांचे मूळ चुकीच्या ओळखीत होते असे म्हणणे योग्य होणार नाही. रुग्णाची प्रकृती, मात्रा, सेवनाचा काळ आणि पूर्वीचे यकृतविकार यांचा विचार वैद्याने केलाच पाहिजे. परंतु रुग्णाला दिलेले द्रव्य नेमके कोणते होते हेच सांगता आले नाही, तर पुढच्या कोणत्याही चर्चेला आधार उरत नाही.

गुळवेलीपुरताच हा प्रश्न नाही. वावडिंग म्हणून एम्बेलिया रायब्सच्या जागी एम्बेलिया सेरियम-कॉट्टम या जातीची फळे विकली जातात. सारिवेच्या नावाने डेकालेपिस हॅमिल्टोनीची जाड मुळे येतात. विदारी म्हणून प्युरेरिया ट्यूबरोझा घ्यावी तर आयपोमिया मॉरिशियानाचा कंद हाती पडतो. यांतील काही पर्याय परंपरेने मान्य आहेत, काही केवळ सोयीचे आहेत. वाळलेल्या तुकड्यांवरून हा भेद करणे कठीण. जिवंत वेलीवर मात्र पान, खोड, फूल आणि फळ हे चारही साक्षीदार उपस्थित असतात.

बियांपासूनच का?

गुळवेल छाटांपासून सहज वाढते. बोटाएवढ्या जाडीचा, दोन-तीन पेरांचा तुकडा लावला की काम होते. मातृवेलीची ओळख पक्की असेल तर छाटांपासूनची वेलही तीच असणार, यात शंका नाही. मग बियांचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे.

याची दोन कारणे आहेत. पहिले असे की गुळवेलीत नर आणि मादी वेली स्वतंत्र असतात. एकाच वेलीच्या छाटा गावभर वाटल्या गेल्या तर सर्व वेली एकाच लिंगाच्या होतात. त्या नर असल्या तर फळ कधीच धरत नाही आणि ओळखीची एक महत्त्वाची खूण कायमची हातची जाते. बियांपासून वाढविलेल्या आठ-दहा रोपांत दोन्ही प्रकार मिळण्याची शक्यता असते. दुसरे कारण असे की छाटांची सर्व संतती एकरूप असते. एखादा रोग वा कीड आली तर सर्वांवर सारखीच आपत्ती येते. बियांतून येणारे वैविध्य हे त्या जातीचे संरक्षण आहे. शतावरी, मालकांगोणी, खाजकुइली, गोकर्ण, गुंज यांच्या बाबतीत तर बी हाच लागवडीचा मुख्य मार्ग आहे.

छाया ही वेलीची जन्मभूमी

येथे वेलीचा स्वभाव समजून घेणे आवश्यक आहे. रानात वेलीचे बी पक्षी, वारा किंवा पाणी यांच्या योगे झुडपाखाली येऊन पडते. पालापाचोळ्याच्या ओलाव्यात ते रुजते. कोवळे रोप प्रथम छायेत राहते, झुडपाच्या काटक्यांचा आधार घेत वर सरकते आणि कालांतराने त्याचा शेंडा उजेडात पोहोचतो. मूळ थंड छायेत, शेंडा उन्हात, ही वेलीची स्वाभाविक स्थिती होय.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये मोकळ्या जमिनीत टाकलेले बी तापलेल्या मातीत करपते, मुंग्या ते वाहून नेतात. जूनमध्ये टाकलेले बी पहिल्या जोरदार सरींनी उघडे पडते, उगवलेले रोप गोगलगायी खातात आणि उरलेले तणात हरवते. म्हणून पहिले काही आठवडे बी घराच्या ओसरीत, सज्जात किंवा छायाजाळीखाली वाढविणे म्हणजे रानातील झुडपाची जागा आपण घेणे होय. ही गोष्ट लक्षात ठेवली तर पुढील सर्व कृतींचा हेतू आपोआप स्पष्ट होतो.

बीजपरीक्षा आणि पूर्वसंस्कार

बी ओळख पटलेल्या वेलीचेच घ्यावे. शक्य तेथे वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराकडून मातृवेल पाहून घ्यावी. अभयारण्यातून बी आणू नये. बियांच्या स्वभावानुसार त्यांचे तीन गट करणे सोयीचे जाते.

पहिला गट अल्पायुषी बियांचा. गुळवेल, मधुनाशिनी आणि मालकांगोणी यांचे बी साठवणीत लवकर निर्जीव होते. गुळवेलीची फळे लाल होताच काढावीत, गर चोळून धुवावा आणि बी सावलीत एक-दोन दिवस सुकवून लगेच पेरावे. मधुनाशिनीची शेंग तपकिरी होऊन उकलण्याच्या बेतात असताना काढावी, अन्यथा रेशमी तंतूंचे बी वाऱ्यावर उडून जाते. मालकांगोणीच्या बियांवरील तांबूस आवरण राखेने चोळून काढावे. या बियांसाठी मुहूर्त पाहत बसू नये. फळ पिकेल तेव्हा पेरावे आणि रोप पावसाळ्यापर्यंत छायेत सांभाळावे.

दुसरा गट कठीण कवचाच्या बियांचा. गुंज हे याचे ठळक उदाहरण. गुंजेच्या बियांत पाणी सहजी शिरत नाही, म्हणून बियांचा काळा ठिपका सोडून विरुद्ध, लाल बाजूस काचकागदाने किंचित घासावे आणि बी रात्रभर कोमट पाण्यात ठेवावे. जे फुगले ते पेरावे. न फुगलेले पुन्हा घासावे. गुंज हे उपविष आहे आणि औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांच्या अनुसूची ई (१) मध्ये तिच्या बियांचा समावेश आहे. घासताना हातमोजे घालावेत, नाकातोंडाशी रुमाल बांधावा, घासलेले बी मोजून ठेवावे. लहान मुले असलेल्या घरात हा प्रयोग करूच नये. कवच फुटलेले एखादे बीही घातक ठरू शकते.

तिसरा गट सुलभ बियांचा. शतावरी, खाजकुइली आणि गोकर्ण यांचा यात समावेश करता येईल. यांचे बी एक रात्र पाण्यात भिजवून पेरल्यास पुरे. शतावरीचे फळ गडद होऊन पूर्ण पिकल्यावर काढावे. त्यातील काळे, टणक, भरलेले बी घ्यावे. खाजकुइलीच्या शेंगेवरील लव त्वचेला लागू नये म्हणून शेंगा ओल्या करून हातमोजे घालूनच फोडाव्यात.

बी तरंगले की वाईट आणि बुडाले की चांगले, ही परीक्षा सर्वत्र खरी ठरत नाही. दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात आणि किती रुजतात ते मोजावे. दहापैकी पाच रुजत असतील तर हव्या तितक्या रोपांच्या दुप्पट बी पेरावे, हा सरळ हिशेब. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात दूध, तूप, शेण यांचे बीजसंस्कार वर्णिले आहेत. ज्यांना ते करून पाहावयाचे असतील त्यांनी निम्म्या बियांवर संस्कार करावा, निम्म्या तशाच पेराव्यात आणि दोहोंची उगवण लिहून ठेवावी. अशा नोंदींवाचून त्या संस्कारांची उपयुक्तता ठरविता येणार नाही.

माती, पात्र आणि पेरणी

चाळलेली माती, वाळू आणि पूर्ण कुजलेले शेणखत समभाग घ्यावे. माती काळी व चिकट असेल तर वाळू वाढवावी. कच्चे शेणखत वापरू नये. ते तापते आणि हुमणी व बुरशी यांना आमंत्रण देते. मिश्रण उन्हाळ्यात पारदर्शक प्लास्टिकखाली ओले करून चार-सहा आठवडे तापविल्यास त्यातील बरेचसे रोगकारक नष्ट होतात.

वेलीचे मूळ लवकर खोल जाते, म्हणून उथळ ट्रेपेक्षा १२ ते १५ सेंटिमीटर खोल पिशवी, जाड कागदाची नळी किंवा बांबूचे पेर अधिक उपयुक्त. तळाशी पाणी निघून जाण्यास छिद्रे हवीतच. खाजकुइली व गोकर्ण या शिंबी कुलातील वेलींना मुळे हलविलेली सोसत नाहीत. त्यांच्यासाठी रोपासह जमिनीत पुरता येणारी कागदी नळी उत्तम. बी त्याच्या जाडीच्या सुमारे दुप्पट खोल पेरावे, वर बारीक वाळूचा पातळ थर द्यावा आणि झारीने हलके पाणी घालावे.

पेरणीची वेळ लावणीच्या दिवसावरून मागे मोजावी. महाराष्ट्रात आर्द्रा आणि पुनर्वसू ही नक्षत्रे, म्हणजे साधारण २२ जून ते १९ जुलै हा काळ लावणीस अनुकूल असतो. शतावरीच्या बियांना रुजण्यासच तीन ते सहा आठवडे लागू शकतात, म्हणून ती एप्रिलच्या मध्यास पेरावी. गोकर्ण मेच्या अखेरीस पेरले तरी चालते. खाजकुइली जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पेरावी. ती आठवड्याभरात वर येते आणि दोन-तीन आठवड्यांहून अधिक काळ पिशवीत ठेवल्यास आवरत नाही. शतावरी उगवताना प्रथम सुईसारखा एकच कोंब दिसतो. जमिनीवर फारशी हालचाल दिसत नसली तरी खाली मुळे बनत असतात. तेव्हा बी मेले असे समजून पिशवी रिकामी करू नये.

छायेतील संगोपन

कोंब दिसताच पात्र भरपूर उजेडाच्या जागी हलवावे. छाया म्हणजे अंधार नव्हे. पूर्वेच्या खिडकीत किंवा सज्जात सकाळचे दोन-तीन तास कोवळे ऊन मिळाल्यास उत्तम. उजेड कमी पडला की रोप फिकट होते, दोन पानांतील अंतर वाढते आणि खोड दोऱ्यासारखे लांबते. असे रोप उंच दिसले तरी दुर्बल असते. उजेड एकाच बाजूने येत असेल तर दर दोन दिवसांनी पात्र फिरवावे आणि मागील बाजूस पांढरा कागद लावावा.

पाणी सकाळी द्यावे. वरची माती बोटाला कोरडी लागली तरच द्यावे. या अवस्थेतील सर्वांत मोठा शत्रू म्हणजे रोपे कोलमडणे. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशींमुळे खोड मातीलगत पाणचट होऊन बारीक होते आणि रोप आडवे पडते. दाटी, कोंदट हवा, संध्याकाळचे पाणी आणि जुनी माती ही त्याची कारणे. आडवे पडलेले रोप परत उभे राहत नाही. ते मातीसह काढून टाकावे, पाणी कमी करावे आणि हवा खेळती ठेवावी. पेरणीपूर्वी बियांना ट्रायकोडर्माची भुकटी, किलोस ४ ते ५ ग्रॅम या प्रमाणात चोळल्यास पुष्कळ संरक्षण मिळते.

खताची घाई करू नये. चार पाने आल्यावर पंधरवड्यातून एकदा गांडूळखताचे पातळ पाणी पुरेसे होते. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदातील कुणपजल मोठ्या झाडांसाठी ठीक. घरातील कोवळ्या रोपांना ते देऊ नये.

आधार वेळेवर द्यावा

वेलीचा शेंडा स्थिर नसतो. तो हळूहळू वर्तुळात फिरत आधार शोधतो. चार्ल्स डार्विन यांनी १८६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वेलींवरील प्रबंधात या गतीचे तपशीलवार निरीक्षण नोंदविले आहे. रोपवाटिकेत याचा परिणाम असा होतो की शेजारशेजारची रोपे एकमेकांनाच विळखे घालतात आणि लावणीच्या वेळी ती सोडविताना शेंडे मोडतात. म्हणून रोप १० ते १५ सेंटिमीटरचे होण्यापूर्वीच प्रत्येक पिशवीत स्वतंत्र कामटी किंवा खरखरीत काटकी उभी करावी आणि पिशव्यांत अंतर ठेवावे. गुळगुळीत सळईवर कोवळी वेल घसरते. वेल ज्या दिशेने वळते त्याच दिशेने वळू द्यावी. उलट गुंडाळल्यास ती सुटून येते. शतावरी अशी विळखे घालत नाही, ती काट्यांनी व फांद्यांनी अडकत वर जाते; तिला एका काठीपेक्षा दोन-तीन फांद्यांची काटकी अधिक मानवते.

सात्म्यक्रम : रोपे कणखर करणे

आता त्या नाजूक टप्प्याकडे वळू. छायेत तयार झालेले पान रुंद, पातळ आणि कोवळे असते. त्यावरील मेणासारखे आवरण विरळ असते. ते एकाएकी कडक उन्हात आणि वाऱ्यात नेल्यास मुळांना पुरविता येईल त्याहून अधिक पाणी पानांतून उडून जाते. पानांवर पांढरे चट्टे पडतात आणि रोप मान टाकते. पाणी वाढवून हा प्रकार थांबत नाही, कारण दोष मातीत नसून बदलाच्या वेगात आहे.

वैद्यांना हे तत्त्व नवीन नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात अहितकर सवय सोडताना आणि हितकर सवय धरताना पादांशिक क्रम सांगितला आहे. एकदम केलेला त्याग किंवा स्वीकार हितकर वस्तूच्या बाबतीतही विकार निर्माण करतो. पावापावाने केलेला बदल मात्र शरीरात स्थिर होतो. ऊन आणि वारा वेलीला हितकरच आहेत, पण तिला त्यांचे सात्म्य झालेले नाही. तोच क्रम येथे लावल्यास बारा ते चौदा दिवस लागतात.

पहिले तीन दिवस रोपे सकाळी दोन तास झाडाच्या किंवा भिंतीच्या पूर्ण सावलीत, वाऱ्याच्या झोतापासून दूर ठेवून परत आत आणावीत. चौथ्या ते सहाव्या दिवशी सकाळचे एक-दीड तास कोवळे ऊन द्यावे आणि उरलेला दिवस बाहेर सावलीत ठेवावीत. सातव्या ते नवव्या दिवशी ऊन तीन तासांपर्यंत न्यावे. या काळात पाण्याचे प्रमाण थोडे कमी करावे, मात्र रोप सुकू देऊ नये. दहाव्या दिवसापासून रोपे रात्रीही बाहेर ठेवावीत आणि दुपारचे ऊन टाळून दिवसाचे बाकी ऊन घेऊ द्यावे. शेवटचे दोन दिवस ती जेथे लावावयाची त्याच जागी पिशवीसह ठेवावीत.

जूनमध्ये हा क्रम चालू असताना पाऊस येणारच. उन्हाप्रमाणे पावसाचेही सात्म्य लागते. भुरभुर पाऊस अंगावर घेऊ द्यावा. मुसळधार सरींत मात्र रोपे वळचणीपासून दूर, आडोशाला घ्यावीत, कारण पागोळ्यांच्या धारेखाली कोवळे खोड मोडते आणि पिशवीतील माती वाहून जाते. दिवस ढगाळ असेल तर तो दिवस क्रमात मोजू नये, कारण त्या दिवशी उन्हाचा अभ्यास झालेला नसतो. चार दिवसांच्या झडीनंतर उघडणारे जुलैचे ऊन फसवे व तीव्र असते; तेव्हा एक पायरी मागे येऊन पुढे जावे.

क्रम नीट चालला आहे किंवा नाही, हे रोपच सांगते. दुपारी पाने किंचित लवली आणि सायंकाळी पुन्हा ताठ झाली तर चिंता नाही. सायंकाळीही ती लोंबत राहिली किंवा पानांवर फिकट चट्टे दिसले तर दोन दिवस मागची पायरी चालू ठेवावी. नवे पान आधीच्यापेक्षा लहान, जाड आणि गडद येऊ लागले म्हणजे सात्म्य झाले असे समजावे. जुनी पाने गळली तरी हरकत नाही.

भूमी आणि पुनर्लागवड

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या भूमिप्रविभागीय अध्यायात औषधींसाठी भूमीचे गुणदोष सांगितले आहेत. वारुळे, स्मशान, खडकाळ व विषम जागा वर्ज्य मानल्या आहेत. आज या यादीत सांडपाण्याचा नाला, वाहत्या रस्त्याची कड आणि कीटकनाशके फवारलेल्या शेताचा बांध यांची भर घालावी लागेल.

लावणी ढगाळ दिवशी किंवा सायंकाळी करावी. एक फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन त्यातील मातीत दोन-तीन किलो कुजलेले खत मिसळावे. पिशवी ब्लेडने कापून मातीचा गड्डा न फोडता रोप बसवावे. पिशवीत ते जितके खोल होते तितकेच येथे असावे. रोपाची कामटी काढू नये, तिच्यासह लावून पुढील आधाराला जोडावी. बुंध्याभोवती वाळक्या पानांचे आच्छादन करावे, पण ते खोडाला चिकटू देऊ नये. पश्चिमेच्या बाजूस सागाची पाने किंवा नारळाची झावळी रोवून आठवडाभर तिरपे ऊन अडवावे. मूळ छायेत आणि शेंडा उजेडात, ही रानातील स्थिती येथेही राखली जाते.

निंबावरील गुळवेलीला आपल्या परंपरेत विशेष मान आहे. ती लावताना निंब पुरेसा मोठा असावा. कोवळ्या निंबाला वेल दाबून टाकते. बुंध्याशी निंबाच्या मुळांची स्पर्धा असते, म्हणून रोप दोन-तीन फूट दूर लावून काथ्याने खोडापर्यंत न्यावे. शतावरीची मुळे साचलेल्या पाण्यात कुजतात, तेव्हा ती उंच वाफ्यावर किंवा सरीच्या वरंब्यावर लावावी आणि दोन रोपांत दोन ते तीन फूट अंतर ठेवावे. कोकणात पाण्याचा निचरा ही मुख्य काळजी. मराठवाडा-विदर्भात पावसाने ओढ दिली तर दर दोन-तीन दिवसांनी लिटरभर पाणी देणे ही मुख्य काळजी.

नोंद आणि पडताळणी

पेरणीपासूनच प्रत्येक पिशवीला चिठ्ठी असावी : वनस्पतीचे शास्त्रीय नाव, बी कोठून व कोणत्या वेलीवरून घेतले, पेरणीचा, उगवणीचा आणि लावणीचा दिनांक. शाई पावसात जाते. पत्र्याच्या तुकड्यावर खिळ्याने कोरलेली अक्षरे टिकतात. लावणीनंतर जागेचा साधा नकाशा वहीत काढून ठेवावा.

बी खात्रीचे असले तरी वेल प्रौढ झाल्यावर ओळख पुन्हा पडताळावी आणि तोपर्यंत ती रुग्णासाठी वापरू नये. गुळवेलीच्या कोवळ्या खोडाचा रंग हिरवट असतो, त्यावर ठळक गाठी नसतात आणि खोड कापल्यावर दुधाळ स्राव येत नाही. फुलाला सहा पाकळ्या असतात, फळ गोल आणि पिकल्यावर लाल असते. टिनोस्पोरा क्रिस्पाचे खोड करडसर व गाठाळ असून त्यातून दुधाळ स्राव येतो. फुलाला तीन पाकळ्या असतात, फळ लांबट व नारिंगी असते. गुळवेलीचे खोड अंगठ्याएवढे जाड होईपर्यंत थांबावे. शतावरीच्या मुळांसाठी दीड ते दोन वर्षे द्यावीत.

उपसंहार

एका वैद्याच्या अंगणातील चार वेलींनी बाजाराची गरज भागणार नाही, हे आम्ही जाणतो. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ २००० मध्ये स्थापन झाले, गुजरातमधील बोरियावी येथील औषधी व सुगंधी वनस्पती संशोधन संचालनालय लागवडीवर काम करीत आहे. मोठ्या प्रमाणावरील उत्पादन हे अशा संस्थांचे आणि शेतकऱ्यांचे क्षेत्र आहे. वैद्याच्या अंगणातील वेलीचे प्रयोजन निराळे. बाजारातून आलेले खोड ज्याच्याशी ताडून पाहता येईल असा जिवंत नमुना तेथे उभा राहतो, नव्या विद्यार्थ्याला पान, फूल व फळ एका जागी दाखविता येते आणि शेजारच्या वैद्याला खात्रीचे बी देता येते.

ज्यांनी यापूर्वी रोपे केली नाहीत त्यांनी गोकर्णापासून आरंभ करावा; ते लवकर उगवते आणि हात बसतो. त्यानंतर शतावरी आणि मग गुळवेल, असा क्रम ठेवावा. निरनिराळ्या जिल्ह्यांतील वैद्यांनी आपापल्या नोंदी, म्हणजे किती बी पेरले, किती उगवले, किती रोपे बाहेर तगली आणि कोणत्या नक्षत्रात लावली, या अंकासाठी पाठविल्यास पुढील वर्षी त्यांचे एकत्र कोष्टक देता येईल.